'रन' : अपवाद कोणते अन् नियम कोणता?

इंग्रजीतल्या 'रन' (run) या क्रियापदाचा अर्थ पळणे, बाकीचे अर्थ अपवाद म्हणून पाठ करा, असं एकाने सुचवलंय. पटलं नाही बाप्पा. ऑक्सफर्ड कोशाने २०११ च्या सुमारास 'रन'ची नोंद नव्याने केली, तेव्हा एकट्या क्रियापदाचे अर्थ सहाशेच्या वर गेले. इतके अपवाद कोण पाठ करणार?

त्यापेक्षा आपलं 'चालणे' आठवा. इतवारीतलं दुकान चालतं, कूलर चालतो, खटला चालतो. इंग्रजीत या तिन्हींना 'रन' चालतं. खापरीची मेट्रो तर मराठीतही धावतेच. पातळ पदार्थ आले की मात्र 'वाहणे' धरा: नाक, नळ, डोळ्यातलं काजळ. धुण्यात कपड्याचा रंग जातो, तोही 'रन'च.

निवडणुकीत गंमत आहे. अमेरिकन उमेदवार 'रन' करतो, ब्रिटिश आपल्यासारखा उभा राहतो.

मुलं खरी अडकतात ती 'रन आउट'ला. जामठ्याच्या मैदानावर गडी रन आउट होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. घरातली साखर संपली तरी 'द शुगर हॅज रन आउट'. पण कर्ता माणूस असेल तर साखरेआधी 'ऑफ' हवाच: 'वी हॅव रन आउट ऑफ शुगर'. हा 'ऑफ' हमखास गळतो.