रोजच्या वापराची फोर-बाय-फोर: ७५ मिमी लिफ्ट आणि २८५/७० टायर घ्यावेत का?

रानवाट_७

नमस्कार मंडळी. गाडी लॅडर फ्रेमची, डिझेल ऑटोमॅटिक. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर एक, खाली एक असे दोन आर्म) आणि कॉइलओव्हर (शॉकवरच बसवलेली स्प्रिंग), मागे सॉलिड ॲक्सल, कॉइल स्प्रिंग, पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा दांडा). कंपनीचे टायर २६५/६५ आर १७ (रुंदी २६५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, रिमचा व्यास १७ इंच), रिमची रुंदी ७.५ इंच, ऑफसेट ३० (रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू ३० मिमी बाहेर), फायनल ड्राइव्ह (डिफमधल्या गिअरचं गुणोत्तर) ३.९०. सोमवार ते शुक्रवार ऑफिस आणि मुलांची शाळा, सुट्टीला दगडगोट्यांच्या वाटा, ओढे, चिखल. पुढे-मागे स्टील बंपर आणि विंच लावायचा विचार आहे, पण लगेच नाही.

डोक्यात ७५ मिमी लिफ्ट (सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणं) आणि २८५/७० आर १७ टायर आहे. आधी लिफ्ट करून मग टायर घ्यावेत की उलट? अपर आर्म बदलणं खरंच गरजेचं आहे की फिटर उगाच बिल वाढवतात? आणि रोजच्या चालवण्यात नेमका किती फरक पडेल?

डिफलॉक

आधी टायर ठरवा. त्यावरून लिफ्ट आपोआप ठरते. बहुतेक जण उलटं करतात आणि मग दोन्ही दोनदा घेतात.

तुमच्या टायरचा व्यास ७७६ मिमी. २६५/७० चा ८०३, २५५/७५ चा ८१४, २८५/७० चा ८३१. सॉलिड ॲक्सलच्या डिफखालची (डिफ म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) जागा लिफ्टने एक मिलिमीटरही वाढत नाही, ती फक्त टायरच्या त्रिज्येने वाढते. म्हणजे २६५/७० ने १३ मिमी, २५५/७५ ने १९, २८५/७० ने २७. लिफ्टने मिळतो तो अप्रोच, डिपार्चर (पुढून चढताना आणि मागून उतरताना बंपर न टेकण्याचा) आणि पोटाखालचा कोन. तुमच्या वाटांवर आधी काय टेकतं, डिफ की साइड स्टेप, ते खाली वाकून बघा. ओरखडे कुठे आहेत त्यावरून उत्तर मिळेल.

आता ७५ मिमीबद्दल. पुढच्या आयएफएसमध्ये (दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारं सस्पेन्शन) उंची दोन प्रकारे वाढते आणि दोन्हींचं दुखणं वेगळं आहे. शॉक मूळ लांबीचाच ठेवून जास्त ताठ किंवा लांब स्प्रिंग टाकली, तर चाकाचा खालचा शेवट आहे तिथेच राहतो, गाडी फक्त त्याच्या जवळ जाऊन उभी राहते. मूळ ड्रूप (उभ्या गाडीचं चाक आणखी किती खाली लटकू शकतं ते) ९५ मिमी धरला तर ७५ मिमी लिफ्टनंतर २० उरतो. स्पीडब्रेकर उतरताना चाक लटकतं आणि शॉक वरच्या टोकाला ठक्‌ करून आपटतो. ‘पुढून आवाज येतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

दुसरा प्रकार म्हणजे शॉकच्या डोक्यावर स्पेसर. शॉक खालच्या आर्मच्या मधोमध कुठेतरी बसलेला असल्यामुळे २५ मिमीचा स्पेसर चाकापाशी ५० मिमीच्या आसपास उंची देतो. पण इथे सगळा प्रवासच खाली सरकतो. चाक कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा ५० मिमी जास्त खाली जातं, तेव्हा अपर आर्म कॉइलला घासतो, बॉल जॉइंटची पिन कडेला टेकते, सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा) कोन वाढून त्यावरच्या रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि बूट फाटतो. वरच्या बाजूला तर बंपस्टॉप (चाकाचा वरचा प्रवास थांबवणारा रबरी ठोकळा) टेकण्याआधीच शॉक आतून बसू शकतो, मग धक्का थेट पिस्टनवर. रोजच्या गाडीला हा प्रकार मला पसंत नाही.

अपर आर्मचं उत्तर: ४० मिमीपर्यंत बहुधा नको. ५० ला अलाइनमेंटच्या आकड्यांवर अवलंबून. ७५ ला हवाच, आणि सोबत डिफ ड्रॉपही. डिफ ड्रॉप म्हणजे पुढचं डिफ २५ मिमीच्या आसपास खाली आणून सीव्हीचा कोन कमी करणं. म्हणजे उंची मिळवायची आणि त्यातली थोडी परत द्यायची.

तुमच्या वापराला माझं मत: पुढे ४०-५० मिमी, लिफ्टच्या मापाला बनवलेले लांब शॉक, मागे तेवढीच, आणि टायर २६५/७० किंवा २५५/७५.

चिखलगाडा

डिफलॉकशी थोडं असहमत. २८५/७० बसतो, फक्त ‘लिफ्ट केली म्हणजे बसतो’ हा समज चुकीचा. सस्पेन्शन पूर्ण दबलं की लिफ्ट ५० ची असो की १०० ची, चाक बंपस्टॉपपर्यंत वर येणारच. घासायचं ते तिथे घासणार.

जागा तीन. पुढच्या चाकामागचा बॉडी माउंट (बॉडी फ्रेमवर जिथे बसते तो जोड), व्हील आर्चमधलं प्लास्टिक लायनर आणि पुढच्या बंपरचा खालचा कोपरा. लायनर हीट गनने मागे दाबून वळवता येतो, बंपरचा कोपरा कापता येतो. बॉडी माउंट मात्र कापून वर ४-५ मिमीची प्लेट वेल्ड करावी लागते. तो गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे, नवशिक्या वेल्डरच्या हाती देऊ नका. वेल्डिंगआधी बॅटरी काढा आणि नंतर आतून-बाहेरून गंजरोधक मारा, नाहीतर दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात.

ऑफसेटने खेळ सगळ्यात जास्त बिघडतो. तुमची रिम ७.५ इंची, ऑफसेट ३०. ऐटीसाठी ८ इंची, शून्य ऑफसेटची घेतली तर बाहेरची कड ३६ मिमी बाहेर जाते आणि आतलीही २४ मिमी बाहेरच. स्टिअरिंग वळवलं की टायर तेवढा मोठा वळसा घेतो आणि नेमका बॉडी माउंटवर येतो. शिवाय व्हील बेअरिंगवर जास्त भार, खड्ड्यात स्टिअरिंगला झटके आणि पूर्ण दरवाजाभर चिखल. मूळ रिमच ठेवा, नाहीतर २० ते ३० ऑफसेट बघा. तिथे आतल्या बाजूला अपर आर्मपासून टायर किती लांब राहतो ते मोजून घ्या, १० मिमीपेक्षा कमी नको.

टायर विकत घेण्याआधी एक चाक उसनं आणा. पुढच्या शॉकवरून कॉइल काढा, नुसता शॉक परत बसवा, गाडी स्टँडवर ठेवा आणि खालच्या आर्मखाली जॅक लावून बंपस्टॉप दबेपर्यंत चाक वर न्या. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, पुढच्या आणि रिव्हर्सच्या दोन्ही दिशांना चाक हाताने फिरवत. कुठे घासतं ते खडूने मार्क करा. तासा-दोन तासांचं काम आहे आणि त्यानंतर अंदाजपंचे काही उरत नाही.

डिफलॉक

चाचणी बरोबर आहे, सगळ्यांनी करावी. पण प्रश्न ‘बसतो का’ एवढाच नाही. २८५/७० चा घेर तुमच्या टायरपेक्षा ७ टक्के जास्त. काटा १०० दाखवेल तेव्हा चाकं मूळच्या १०७ इतकी धावतील. ओडोमीटर ७ टक्के कमी मोजेल, म्हणजे ऑइल बदलायची वेळ उशिरा कळेल आणि मायलेज आहे त्याहून वाईट भासेल. ३.९० चा फायनल ड्राइव्ह व्यवहारात ३.६४ सारखा वागेल. ऑटोमॅटिक चढावर गिअर धरून ठेवू शकत नाही, वर-खाली करत राहतो आणि गिअरबॉक्सचं ऑइल तापतं. मूळ गुणोत्तर परत आणायला ४.१७ च्या जवळपासचा क्राउन-पिनियन (डिफमधली गिअरची जोडी) लागेल, तोही पुढे-मागे दोन्ही डिफमध्ये.

वजनही धरा. कंपनीचा रस्त्याचा टायर १७-१८ किलोचा, जाड एलटी (लाइट ट्रकसाठीचा मजबूत टायर) २८५/७० सहज २४-२५. हे वजन सस्पेन्शनच्या खाली आणि चाकाच्या कडेला. ब्रेकला जास्त जड चाक थांबवायचं आणि लिव्हर ७ टक्के लांब झालेला. रोज गर्दीत चालणाऱ्या गाडीला हा फरक पहिल्याच आठवड्यात पायाला कळतो. २६५/७० ला हीच वाढ साडेतीन टक्के, बहुतेक गाड्या ती विनातक्रार पचवतात.

टॉर्करेंच

फिटिंगचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. चांगलं किट फिटिंगमध्येच वाया जातं.

कामाआधी चारही चाकांवर हबच्या मध्यापासून आर्चच्या कडेपर्यंत माप घ्या. जमिनीपासून घेऊ नका, टायर बदलला की ते माप निरुपयोगी. टाकी भरलेली, जमीन सपाट, मापाआधी गाडी थोडी पुढे-मागे ढकललेली. नंतर हेच माप परत. डाव्या-उजव्यात १० मिमीहून जास्त फरक आला तर कॉइल अदलाबदल झाल्या का ते तपासा. बऱ्याच किटमध्ये ड्रायव्हर बाजूची स्प्रिंग वेगळी असते.

आता महत्त्वाचं. आर्मच्या रबर बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पूर्ण आवळायचे नाहीत. रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. चाक लटकलेल्या स्थितीत आवळलं की तीच त्याची मूळ जागा ठरते, आणि गाडी खाली उतरली की बुश कायम पिळलेलं राहतं. काही महिन्यांत चिरा पडतात, उंचीही नीट बसत नाही. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून हलवा, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. मागच्या ट्रेलिंग आर्मला आणि पॅनहार्ड रॉडलाही हेच. वर्कशॉपला हे आधी सांगा आणि काम चालू असताना समोर उभे रहा.

मागे ॲक्सल पूर्ण लटकवून ब्रेक होज, एबीएसची वायर आणि डिफचा ब्रीदर (हवा जाण्याची नळी) बघा. होज ताणलेला दिसला तर त्याचा ब्रॅकेट खाली आणा. लांब शॉक टाकताय, मग ड्रूप वाढणार, होज तोकडा पडणार. मागचे बंपस्टॉपही शॉकच्या बंद लांबीशी जुळले पाहिजेत. शॉक पूर्ण मिटण्याआधी बंपस्टॉप टेकलाच पाहिजे.

पॅनहार्ड: ९०० मिमीचा रॉड आधीच ६० मिमी तिरका असेल तर ५० मिमी लिफ्टने ॲक्सल ५ मिमी बाजूला सरकतो, ७५ ने ८. पाचला काही करायची गरज नाही. आठ डोळ्यांना दिसतो, तिथे ॲडजस्टेबल रॉड घ्या.

अलाइनमेंट त्याच दिवशी. ‘टो करून देतो’ (फक्त चाकांची तोंडं आत-बाहेर जुळवून) म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, कॅस्टरचा (स्टिअरिंगचा अक्ष मागे कललेला असतो तो कोन) प्रिंट मागा. लिफ्टने कॅस्टर घटतो, मग गाडी हायवेला भरकटते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही. ३ अंशांच्या आसपास आणा, डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक नको. खालच्या आर्मचा कॅम बोल्ट (फिरवला की आर्म सरकतो तो) फिरवून चाक पुढे नेलं तर कॅस्टरही मिळतो आणि बॉडी माउंटपासून टायरही लांब जातो. कॅम संपले तरी कॅस्टर येत नसेल तेव्हा अपर आर्म घ्या, हे तुमच्या बिलाच्या शंकेचं उत्तर.

व्हील नट ५०-१०० किमीनंतर, सस्पेन्शनचे बोल्ट ५०० किमीच्या आसपास परत तपासा.

रानवाट_७

सगळ्यांचे आभार, २८५ मनातून निघालाच समजा. आता २६५/७० एलटी आणि ५० मिमी. दोन शंका. स्प्रिंग आत्ताच बंपर-विंचच्या वजनाची घेऊन ठेवू का, म्हणजे परत खोलायला नको? आणि एलटीमध्ये हवा किती? दारावरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय आहे.

चिखलगाडा

घेऊ नका. विंचच्या स्प्रिंगवर विंच नसलेली गाडी म्हणजे बैलगाडी. नाक वर, ड्रूप संपलेला, पुढचे टायर रस्त्यावर उड्या मारणार.

वजन मात्र आत्ताच मांडून ठेवा. बंपर आणि विंच मिळून ९० किलो धरा, ते पुढच्या ॲक्सलच्या ८०० मिमी पुढे, व्हीलबेस २७५० मिमी. पुढच्या ॲक्सलवर ९० नाही, ११६ किलो वाढतात आणि मागून २६ उचलले जातात. म्हणून मागे बंपर लावेपर्यंत मागची स्प्रिंग हलकीच बरी. पुढे थ्रेडवाला कॉइलओव्हर घेतला तर उंची नंतर जुळवता येते, पण प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब) पिळून वजन पेलायची ताकद वाढत नाही. तेव्हा स्प्रिंगच बदला, शॉक तोच राहील.

टॉर्करेंच

हवा: स्टिकरचा आकडा मूळ टायरचा आहे. तेवढंच वजन पेलायला एलटीला जास्त हवा लागते. ३८ पासून सुरुवात करा, थंड टायरमध्ये. ट्रेडवर आडवी जाड खडूची रेघ मारा आणि सपाट डांबरावर सरळ शंभरेक मीटर जा. मधली पुसली आणि कडा राहिल्या तर हवा जास्त, कडा पुसल्या तर कमी. मग हायवेला अर्धा-पाऊण तास चालवून गरम टायर मोजा. ४ ते ६ पीएसआय वाढ ठीक, त्याहून जास्त वाढली म्हणजे थंडमध्ये हवा कमी होती.

घेताना लोड इंडेक्स (एक टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) बघा, मूळच्या टायरवर असेल त्याहून खाली जायचं नाही. तुमच्या मापात ११२ असेल तर ते १,१२० किलो. आणि पाच टायर घ्या. स्टेपनी जुन्या मापाची राहिली आणि फुल-टाइम फोर-बाय-फोर असेल तर सेंटर डिफ (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं डिफ) सतत फिरत तापतं. पार्ट-टाइमवाल्यांनी त्या स्टेपनीवर फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा मोड) लावूच नये. नवी स्टेपनी पोटाखाली बसते का आणि सायलेन्सरपासून किती लांब राहते, तेही बघून घ्या.

डिफलॉक

उरलेलं थोडक्यात. हेडलाइट खाली करून घ्या, नाक वर गेलं की समोरच्याच्या डोळ्यात जातात. काचेमागे कॅमेरा किंवा ग्रिलमध्ये रडार असेल तर लिफ्टनंतर कॅलिब्रेशन करा, नाहीतर लेनची सूचना आणि आपोआप ब्रेक भलत्या वेळी लागतो. स्टिअरिंग मध्यावर नीट नसेल तर ईएससी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) त्याला वळण समजतो, म्हणून अँगल सेन्सर शून्यावर आणायला सांगा. तुमच्याकडचा वाहन कायदा आणि विमा एवढा बदल मान्य करतो का ते काम सुरू करण्याआधी लेखी विचारा.

५० मिमी लिफ्ट आणि टायरचे १३, म्हणजे छत ६३ मिमी वर जाणार. रूफ रॅक आणि त्यावरची लाइट धरून एकूण उंची टेपने मोजा आणि ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगच्या कमानीवर काय आकडा लिहिलाय तो आधी वाचून या.