फॅमिली ग्रुप: दुआ मागून गायब होणारे

फुफी: अस्सलामु अलैकुम. राग येईल, येऊ दे. ऑपरेशन, निकाल, व्हिसा, कोर्टाची तारीख... रात्री-अपरात्री इथे "दुआ करा" येतं. काम झालं की माणूस गायब. मला बातमी कळते ती दुसऱ्याच कुणाच्या स्टेटसवरून.

आपा: व अलैकुम अस्सलाम. फुफी, हे कोणासाठी आहे ते सगळ्यांना कळलं 😅

छोटे चाचा: मला नाही कळलं. माझं लायसन्स अजून आलेलं नाही, त्यामुळे मी बेकसूर.

मोठे चाचा: कुराण, सूरह इब्राहीम, आयत ७. "शुक्र (आभार) कराल तर मी तुम्हाला आणखी देईन." सर्वांनी वाचावे व पुढे पाठवावे.

फुफी: भाईजान, पुढे कुठे पाठवू? वाचायला हवं ते सगळे इथेच बसलेत. सूरह यूनुसची १२वी आयत बघा. तकलीफ आली की माणूस पडल्या पडल्या, बसून, उभ्याने हाक मारतो. तकलीफ हटली की असा निघून जातो, जणू हाक मारलीच नव्हती. आपल्या ग्रुपचीच गोष्ट.

भाभी: फुफी, व्हिसा आमचाच होता. मिळाला, अल्हम्दुलिल्लाह. घरी सजदा-ए-शुक्र केला, कपाळ जमिनीला टेकवून आभार मानले. अम्मी म्हणाल्या नजर लागते, म्हणून इथे टाकलं नाही. याकूब अलैहिस्सलामनीसुद्धा आपल्या मुलाला, यूसुफना सांगितलं होतं ना, स्वप्न भावांना सांगू नकोस म्हणून.

छोटे चाचा: म्हणजे आम्ही यूसुफना विहिरीत ढकलणारे भाऊ 😂

भाभी: चाचा, तसं नव्हतं म्हणायचं 🙏

फुफी: अम्मीचा आदर आहेच. पण सूरह दुहाची शेवटची आयतही आहे, रबने दिलेल्या नेमतीचं, देणगीचं बयान करत जा. दुआ मागताना नजर लागत नाही, आणि मिळाल्यावर लागते?

मोठे चाचा: सूरह इब्राहीम, आयत ७. कृपया वाचावे.

छोटे चाचा: सजद्यावरून आठवलं. इमाम अबू हनीफांना हा सुटा सजदा पसंत नव्हता म्हणतात. त्याऐवजी दोन रकात नफल, म्हणजे ऐच्छिक नमाज पढावी.

आपा: त्यांचेच शागीर्द अबू यूसुफ आणि मुहम्मद त्याला मुस्तहब म्हणतात, म्हणजे केलेला चांगला. शाफई पंथात तर सुन्नत आहे, पैगंबरांची रीत. पैगंबरांचे साथी काब बिन मालिक तबूकच्या मोहिमेवर गेले नाहीत म्हणून ५० रात्री लोक त्यांच्याशी बोलत नव्हते. तौबा कबूल झाल्याची हाक कानावर पडली आणि ते तिथल्या तिथे सजद्यात गेले.

छोटे चाचा: बहस तुझ्याशी नको बाबा.

भाभी: ती तौबा कबूल झाल्याची बातमी तरी लोकांनी धावत येऊन दिली होती 😊

फुफी: आणि काब यांनी अंगावरचे कपडे उतरवून त्या माणसाला दिले. मी कपडे मागत नाही, एक ओळ मागतेय. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचा शुक्र करत नाही. अबू दाऊद, तिर्मिजी, हदीसच्या दोन्ही किताबांत आहे.

आपा: एक विचारू? ज्यांची दुआ कबूल झालेली दिसत नाही, त्यांनी इथे काय टाकायचं?

मोठे चाचा: सूरह इब्राहीम, आयत ७.

आपा: चाचा, प्लीज.

फुफी: बेटा, मुसनद अहमद या हदीसच्या किताबात आहे. दुआ एकतर इथेच मिळते, नाहीतर आखिरतसाठी, मरणानंतरच्या आयुष्यासाठी ठेवली जाते, नाहीतर तेवढीच एखादी बला टळते. आणि पैगंबर जकरिया अलैहिस्सलाम बघ. हाडं कमजोर, केस पांढरे, मूल नाही, तरी म्हणतात, ऐ रब, तुझ्याकडे मागून मी कधी महरूम, रिकाम्या हाती राहिलो नाही. मुलाची, यह्याची खुशखबर त्यानंतर आली. आधी काय काय मिळालं ते त्यांना आठवत होतं.

आपा: हे सगळं मला पाठ आहे, फुफी. फोन करून "अजून काही नाही का" विचारणं तेवढं थांबवा.

फुफी: मी काळजीने विचारते.

आपा: माहीत आहे. म्हणून तर आजवर बोलले नाही.
आपा: आता तुम्हीच सांगा. ज्या नोकरीसाठी रडून रडून दुआ केली ती मिळाली नाही. म्हणूनच अम्मीच्या आजारपणात मी घरी होते. ही बला टळली की मीच मनाची समजूत घातली? मला ठरवता येत नाही. अल्हम्दुलिल्लाह म्हणते, पण दर वेळी मनापासून येतंच असं नाही.

छोटे चाचा: हे खरं बोललीस.

भाभी: आपा ❤️

भाई: सलाम. आत्ता सगळं वाचलं. कामात होतो. व्हिसासाठी ज्यांनी ज्यांनी दुआ केली त्यांना जजाकल्लाह. गुरुवारी फ्लाइट आहे. दुआ करा.

फुफी: आला का लाडसाहेब! करतेच आहे. पण मुसाफिराची दुआ रद्द होत नाही. तूच माग, तुझ्या बहिणीसाठी.

भाई: नक्की, इन्शाअल्लाह. काय मागू, आपा?

आपा: ते तुला माहीत आहे. फक्त इथे टाइप करू नकोस.