बी विंग ग्रुप: जिन्यातले बल्ब

देशपांडे काका (४०२): तिसऱ्या मजल्याचा बल्ब पुन्हा गेला. गणपतीतच बदललेला. कुणी पडल्यावर जाग येणार का कमिटीला?

सचिव: नमस्कार काका. ९ वॅटचे सात एलईडी मागवतोय, ६० रुपये नग.

सावंत (१०३): खोक्यावर ल्यूमेन किती? वॅटवरून फक्त वीज किती खातो ते कळतं, उजेड ल्यूमेनवर. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० द्यायचा. ९ वॅटच्या एलईडीने ८००-९०० द्यायलाच हवेत. ल्यूमेन आणि बीईईचे (वीजबचतीची सरकारी संस्था) स्टार छापलेले नसतील तर घेऊ नका.

नाईक काकू (२०१): तीन कोटेशनं मागवली का? एजीएममध्ये ठरलंय.

म्हात्रे (५०१): सात गुणिले साठ = ४२०. आकडाच बोलतोय 😂

नाईक काकू (२०१): हसण्यावारी नेऊ नका. तीन कोटेशनं.

सावंत (१०३): बल्ब का जातो ते आधी बघा. उजेड देणारी चिप सहसा जात नाही, आतला ड्रायव्हर, म्हणजे चिपला वीज पुरवणारं सर्किट, जातो. उष्णतेने त्याचा कपॅसिटर सुकतो. जिन्यात बंद काचेचे गोळे आहेत, हवा खेळतच नाही. त्यात १५० रुपयांचा बल्ब लावलात तरी तो लवकरच जाणार. गोळे काढा.

देशपांडे काका (४०२): गोळे काढायचे नाहीत. शोभा जाते.

म्हात्रे (५०१): अंधारात कुणाला दिसते शोभा काका 🙏

देशपांडे काका (४०२): आमच्या कमिटीने लावलेत म्हणून खुपतात काहींना. चालू द्या.

सचिव: कृपया विषयावर राहूया.

सावंत (१०३): विषयच, तर खरा खर्च पार्किंगमध्ये आहे. ३६ वॅटची ट्यूब, जुना चोक धरून ४८ वॅटच्या आसपास. २० वॅटचा एलईडी बॅटन (ट्यूबच्या जागी बसणारी पट्टी) लावला तर २८ वॅट वाचतात. रोज १२ तास म्हणजे वर्षाला १२२ युनिट. युनिट १० रुपये धरा, एका ट्यूबमागे बाराशेच्या वर. बॅटन ३००ला आला तर तीन महिन्यांत वसूल. खोक्यावर ट्यूबचे ल्यूमेन जास्त दिसतील, २४५० विरुद्ध २०००, पण ट्यूबचा बराच उजेड छताकडे जातो. बॅटनचा खाली पडतो.

नाईक काकू (२०१): आणि चालू सीएफएल फेकून द्यायचे? पैसे झाडाला लागतात का? बॅटनचीही तीन कोटेशनं हवीत.

सावंत (१०३): काकू, १४ वॅटचा सीएफएल आणि ९चा एलईडी, फरक वर्षाला २२ युनिट, म्हणजे २२० रुपये. चालू असले तरी बदललेले परवडतात. कचऱ्यात मात्र टाकू नका, आत पारा असतो, ई-कचऱ्यात द्या. फुटला तर झाडू नको. खिडक्या उघडा, पुठ्ठ्याने गोळा करा, ओल्या कागदाने पुसा.

शेख (३०४): आमच्या पॅसेजचा एलईडी बंद केला तरी मंद पेटतो. भूत?

सावंत (१०३): स्विचमध्ये लाल इंडिकेटर असेल, त्यातून बारीक करंट जातो. इंडिकेटर नसेल तर वायरमनला तपासायला सांगा, स्विच फेजऐवजी न्यूट्रल तोडत असेल. तसं असेल तर बंद असतानाही होल्डरला हात लावू नका.

सचिव: ठरलं. ६० रुपयेवाले रद्द. ९०० ल्यूमेनचे, दोन वर्षं वॉरंटीचे घेतो. बिल जपतो, प्रत्येक बल्बच्या बुडाला मार्करने तारीख. दोन मजल्यांचे गोळे काढून बघू.

देशपांडे काका (४०२): चौथा मजला सोडून.

सचिव: बरं काका. शिडी ए विंगकडे आहे, कोण आणतंय?

म्हात्रे (५०१): मागच्या वेळचं सगळं आठवतंय. मी नाही जाणार.