मदत हवी आहे: विश्वकोशातले लेख मोठ्याने वाचताना

आम्ही काही जण मिळून विकिपीडियावरचे इतिहास-राजकारणाचे लेख मोठ्याने वाचतो आणि मध्ये थांबून चर्चा करतो. डोळ्यांनी सहज निसटणारी वाक्यं कानांना अडतात, म्हणून ही पद्धत मला मनापासून आवडते. ‘काहींच्या मते’ असं वाचलं की कोणीतरी लगेच विचारतं, कोणाच्या मते?

अडचण तारखांची आणि कंसांची आहे. रशियातली ऑक्टोबर क्रांती जुन्या ज्युलियन पंचांगानुसार २५ ऑक्टोबर १९१७ ची, नव्यानुसार ७ नोव्हेंबरची. फ्रान्समध्ये नेपोलियनने सत्ता घेतली तो फ्रेंच क्रांतीच्या पंचांगातला १८ ब्रुमेर म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९. कागदावर हे नीट कळतं, ऐकताना मात्र धागा तुटतो. अशा वेळी तुम्ही एकच तारीख वाचता की दोन्ही? तळटीपा आणि तक्ते गाळता का? परकीय नावांचे उच्चार आधी कुठे ऐकता?

आणखी एक, आणि माझ्यासाठी हेच महत्त्वाचं: वादग्रस्त विषयाचा लेख वाचताना त्याचं चर्चापानही वाचावं का? संपादकांचे मतभेद तिथेच दिसतात, पण वेळ फार जातो. कोणी करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.