शाश्वत बांधकाम धोरणाच्या मसुद्यावर सामान्य नागरिकाने नेमके काय लिहावे?

प्रश्न: भाडेकरू

आमच्या स्थानिक स्वराज्य संस्थेने शाश्वत बांधकाम धोरणाचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या आहेत. मसुदा मी पूर्ण वाचला. उद्दिष्टांचे प्रकरण वाचताना कोणाचेही मन भरून येईल, परंतु प्रत्यक्ष तरतुदींपाशी आले की 'शक्य तेथे', 'व्यवहार्य असल्यास' आणि 'प्रोत्साहन देण्यात येईल' यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. सोबतच्या प्रश्नावलीतील पहिलाच प्रश्न असा आहे की, पर्यावरणपूरक बांधकामाला आपला पाठिंबा आहे काय? याला 'नाही' असे उत्तर कोण देईल?

मी वास्तुरचनाकार नाही, अभियंता नाही आणि घरमालकही नाही. अशा व्यक्तीच्या सूचनेला काही वजन असते का, आणि असल्यास ती कशी लिहावी? की निर्णय आधीच झालेला असून हा केवळ सोपस्कार आहे?

उत्तर १: निवृत्त नगररचनाकार

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत. सल्लामसलत खरी की नावापुरती, हे ओळखण्याच्या चार कसोट्या ब्रिटनमध्ये १९८५ सालच्या गनिंग खटल्यापासून प्रचलित आहेत. प्रस्ताव अजून घडत असतानाच लोकांना विचारलेले असावे. विचारपूर्वक मत देता येईल इतकी कारणे आणि माहिती त्यांना दिलेली असावी. उत्तरासाठी पुरेसा वेळ असावा. आणि आलेल्या मतांचा निर्णय घेताना प्रामाणिकपणे विचार व्हावा. २०१४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने लंडनमधील हॅरिंगे या भागाच्या स्थानिक परिषदेविरुद्धच्या खटल्यात याच कसोट्या उचलून धरल्या आणि परिषदेने नाकारलेले पर्याय लोकांसमोर मांडलेच नव्हते म्हणून ती सल्लामसलत बेकायदा ठरवली. तो कायदा तुमच्याकडे लागू असो वा नसो, मसुदा तपासायला या कसोट्या कोठेही उपयोगी पडतात. तुमच्या मसुद्यात 'आम्ही अमुक पर्यायाचा विचार केला आणि तो या कारणासाठी सोडला' असे एक तरी वाक्य आहे का, ते पाहा. नसेल, तर तीच तुमची पहिली हरकत.

आता लिहिण्याविषयी. प्रश्नावली भरा, पण तिच्यावर विसंबून राहू नका. पाठिंबा आहे की नाही एवढेच विचारणाऱ्या प्रश्नांच्या उत्तरांची टक्केवारी निघते आणि ती प्रस्तावनेत छापली जाते, तिच्यामुळे कलमातला एकही शब्द हलत नाही. स्वतंत्र पत्र द्या. प्रत्येक मुद्द्यावर कलम क्रमांक, मसुद्यातील सध्याची शब्दरचना, तुम्हाला हवी असलेली शब्दरचना आणि दोन-तीन वाक्यांत कारण, एवढे पुरे. 'शक्य तेथे जुन्या इमारतीचा पुनर्वापर करावा' याऐवजी 'पाडकामाची परवानगी मागणाऱ्याने पुनर्वापर का शक्य नाही याचा लेखी अहवाल अर्जासोबत जोडावा' असे सुचवल्यास छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याला ते स्वीकारावे लागते किंवा नाकारण्याचे कारण द्यावे लागते. तळमळीने लिहिलेल्या पानभर मजकुराच्या बाबतीत त्याच्यावर असे कोणतेही बंधन येत नाही. नोंद घेतली, असा शेरा मारून तो मोकळा होतो.

उत्तर २: संरचना अभियंता

वरील उत्तर पद्धतीविषयी आहे. मी आशयाविषयी लिहितो, कारण बहुतेक मसुद्यांची लंगडी बाजू तेथे असते.

इमारतीमुळे होणारे कार्बन उत्सर्जन दोन प्रकारचे असते. एक, वापराच्या काळातले, म्हणजे थंडावा, उष्णता, दिवे, पाणी तापवणे यांचे. दुसरे, सिमेंट, पोलाद, विटा, काच तयार करताना, वाहून आणताना, बांधताना आणि शेवटी पाडताना झालेले. याला अंतर्निहित कार्बन म्हणतात. सौर पॅनेल, दुहेरी काच आणि कमी विजेचे दिवे यांवर धोरणे भरभरून बोलतात, कारण ते दिसते आणि मोजायला सोपे असते. दुसऱ्या प्रकारावर मात्र एखाद-दुसरे वाक्य येते. वस्तुतः जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमधून होते. त्यातही अर्ध्याहून अधिक वाटा भट्टीच्या इंधनाचा नसून चुनखडीचा असतो. क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा मूळ घटक, बनवण्यासाठी ती तापवली की दगडातलाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून सिमेंट कारखान्याने सगळे इंधन बदलले तरी हा भाग तसाच राहतो. तो कमी करायचा तर क्लिंकरचे प्रमाण घटवून फ्लाय ॲश (औष्णिक वीजकेंद्रातील राख) किंवा लोखंडाच्या झोतभट्टीतील धातुमळी (स्लॅग) वापरावी लागते, आवश्यक तेवढेच काँक्रीट ओतावे लागते किंवा उभी इमारत न पाडता दुरुस्त करावी लागते. यांतला शेवटचा उपाय सर्वांत परिणामकारक असतो आणि मसुद्यांत सर्वांत कमी आढळतो.

हे नियमात बसवता येते. डेन्मार्कने २०२३ मध्ये १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या इमारतींना पन्नास वर्षांच्या हिशेबाने दर चौरस मीटरमागे वर्षाला १२ किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्य (इतर हरितगृह वायूही त्याच मापात धरून) अशी मर्यादा घातली आणि तीत बांधकाम साहित्यही धरले. तुमच्या मसुद्यात असा आकडा आहे का? नसल्यास निदान मोठ्या प्रकल्पांनी हिशेब सादर करण्याची सक्ती मागा. मर्यादा पुढच्या सुधारणेत घालता येईल, पण हिशेबच गोळा झाले नाहीत तर ती कशाच्या आधारे ठरवणार?

आणखी एक मुद्दा. परवानगीच्या वेळी नकाशावर दाखवलेली कार्यक्षमता आणि लोक राहायला आल्यानंतरचा प्रत्यक्ष वीजवापर यांत बऱ्याचदा मोठी तफावत पडते. त्यामुळे भोगवटा प्रमाणपत्रानंतर (इमारत वापरण्याची परवानगी मिळाल्यानंतर) दोन-तीन वर्षांच्या वापराची आकडेवारी देणे मोठ्या इमारतींना बंधनकारक करावे, अशी सूचना अवश्य द्या. पर्यावरणपूरक बांधकामासाठीची सवलत मात्र परवानगीच्या टप्प्यावर देऊन टाकलेली नको. एकदा वाढीव चटई क्षेत्र, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त बांधकामाची मुभा, दिले की इमारत उभी राहिल्यावर ते परत घेता येत नाही.

उत्तर ३: छोटा बांधकाम ठेकेदार

उत्तर २ शी अर्धाच सहमत आहे. कार्बनचा हिशेब मोठ्या विकासकाला जड नाही, त्याच्याकडे सल्लागार असतात. एकमजली घर बांधणाऱ्या कुटुंबाला तोच अर्ज भरायला लावलात तर ते कागद विकत घेतील आणि घर पूर्वीसारखेच बांधतील. टोरँटोने २००९ मध्ये हिरव्या छताची सक्ती केली, तीदेखील २००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या इमारतींपुरती. उंबरठा, म्हणजे किती मोठ्या इमारतीपासून नियम लागू होतो, कोठे ठेवला आहे, हे कलम मसुद्यात आधी शोधा. त्याखालच्या घरांसाठी खिडक्यांची दिशा, छज्जाची खोली, छताला उष्णतारोधक थर अशी साधी, स्थळपाहणीत डोळ्यांनी तपासता येण्याजोगी यादी मागा. आणि ही तपासणी कोण करणार, त्यासाठी खात्यात किती माणसे आहेत, हेही विचारा. माणसे नसतील तर सगळा कारभार स्वयंघोषणेवर चालतो, मग नियम कितीही चांगला असो.

प्रश्नकर्ता: भाडेकरू

सर्वांचे आभार. पर्यायांचा उल्लेख मसुद्यात कोठेही नाही आणि पाडकामाविषयी फक्त राडारोड्याच्या विल्हेवाटीचे कलम आहे. भाडेकरूंविषयी मात्र एक शब्दही नाही. त्याविषयी काय लिहिता येईल?

उत्तर ४: निवृत्त नगररचनाकार

तेथे तुमचा अधिकार आमच्यापेक्षा मोठा आहे. इमारतीच्या सुधारणेचा खर्च मालक करतो आणि विजेच्या बिलातली बचत भाडेकरूला मिळते, त्यामुळे मालकाला खर्च करण्याचे कारण उरत नाही. खर्च केलाच तर तो भाडे वाढवून वसूल करतो किंवा दुरुस्तीच्या निमित्ताने जुन्या भाडेकरूला बाहेर काढतो. म्हणून दोन तरतुदी सुचवा: सार्वजनिक अनुदान घेणाऱ्या इमारतीत ठरावीक मुदतीपर्यंत त्या कारणाने भाडेवाढ करता येणार नाही, आणि काम पूर्ण झाल्यावर पूर्वीच्या भाडेकरूला परत येण्याचा हक्क राहील. भाडेनियंत्रण आमच्या अधिकारात येत नाही, असे उत्तर मिळण्याची शक्यता आहे. त्यासाठी पत्रातच लिहून ठेवा की ही मागणी भाडे नियंत्रित करण्याची नसून अनुदानाच्या अटीची आहे, आणि अनुदानाच्या अटी ठरवणे सर्वस्वी देणाऱ्याच्या हातात असते.

पत्राची पोच घ्या. प्रत्येक सूचनेवर काय निर्णय झाला आणि का, याचे निवेदन अंतिम धोरणासोबत प्रसिद्ध करावे, अशी मागणी शेवटच्या परिच्छेदात करा. मसुद्याची परिशिष्टे किंवा हिशेबाचे तक्ते अद्याप उपलब्ध करून दिलेले नसतील, तर मुदतवाढीचा अर्ज वेगळा आणि मुदत संपण्यापूर्वीच द्या. मुदतीनंतर आलेला अर्ज कारण कितीही रास्त असले तरी फायलीच्या तळाशी जातो.