दानाच्या थैल्या आणि पगार

‘पाळकाने (ख्रिस्ती धर्मगुरूने) प्रार्थना वाढवली की तो पापात पडत नाही’ असं काही जण म्हणतात. प्रार्थना हवीच, पण तेवढ्यावर भागत नाही. अमेरिकी ख्रिस्ती प्रचारक बिली ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टोत बसून आधी सुवार्तिक (फिरून ख्रिस्ताचा संदेश सांगणारे) नेमके कुठे घसरतात ते पाहिलं: पैसा, परस्त्री, गर्दीचे फुगवलेले आकडे, स्थानिक मंडळ्यांवर (चर्चवर) टीका. मग नियम केले. पत्नीशिवाय दुसऱ्या स्त्रीबरोबर एकट्याने जेवण नाही, प्रवास नाही. (यात स्त्री सहकारीच बाजूला पडतात, ही तक्रार मला रास्त वाटते.)

एवढं करूनही १९५० मध्ये अटलांटातल्या वर्तमानपत्राने दोन फोटो शेजारी-शेजारी छापले: हसणारे ग्रॅहम, आणि दानाच्या थैल्या धरलेले स्वयंसेवक. ते झोंबलं. पुढे त्यांनी दानाचा वाटा सोडून ठरावीक पगार घेतला.

उलट प्रसिद्ध ख्रिस्ती वक्ते रवी झकारायस यांच्याबद्दल २०१७ मध्येच तक्रार पुढे आली होती, पण त्यांच्याच संस्थेने त्यांच्या शब्दावर विसंबायचं ठरवलं. लैंगिक गैरवर्तनाचा चौकशी अहवाल आला २०२१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

आमच्या मंडळीत दान दोघं जण मोजतात, पाळक तिथे थांबत नाहीत. पण त्यांच्या प्रवासखर्चाची पावती मागायची वेळ आली की सगळे एकमेकांकडे बघतात.