ग्रँड स्लॅममधली वाइल्ड कार्डं बंद करा, त्या जागा पात्रता फेरीला द्या

मृण्मयी, पुणे

डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धा असली की मी मुख्य स्पर्धेच्या आधीचे दोन दिवस चुकवत नाही. पात्रता फेरी तेव्हा असते. प्रेक्षक म्हणजे दोन-चार पालक, एखादा प्रशिक्षक आणि सकाळी फिरायला आलेले सभासद. एका वर्षी मागच्या कोर्टवर पाहिलेली मॅच अजून डोक्यातून जात नाही. एक-एक सेट झालेला आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक चालू, 8-8. चेंडू आणून द्यायला कुणी नाही. ती मुलगी स्वतः जाळीपाशी गेली, तीन चेंडू उचलले, त्यातल्या एकाची लव अंगठ्याने चोळून पाहिली आणि तो बाजूला टाकला. मग दुहेरी चूक केली, पुढचा गुणही गेला आणि मॅच गेली. नंतर ती बाकावर बसून रॅकेटची ग्रिप उलगडत होती. घामाने भिजलेली ती पट्टी टाकून न देता तिने नीट गुंडाळून बॅगेत ठेवली. पुन्हा वापरायची असणार.

अशा मुली वर्षानुवर्षं खेळून दोनशेच्या आसपास पोहोचतात, तेव्हा त्यांना ग्रँड स्लॅमची पात्रता फेरी मिळते. तिथे 128 जणी असतात. लागोपाठ तीन मॅच जिंकल्या की 16 जणी मुख्य स्पर्धेत जातात. मुख्य स्पर्धेच्या 128 जागांपैकी 104 क्रमवारीवर, 16 पात्रता फेरीतून आणि 8 वाइल्ड कार्डने, म्हणजे क्रमवारी न बघता आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशाने भरतात. या आठांतली बहुतेक यजमान देशाच्या खेळाडूंना जातात. अमेरिका, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलिया तर एकेक कार्ड एकमेकांच्या खेळाडूंना देतात. ग्रँड स्लॅम चार देशांत होतात, म्हणून त्या चार देशांत जन्मलेल्या मुलीला दार उघडं. ती मुलगी अर्जेंटिनात किंवा भारतात जन्मली असेल तर तिने रांगेत उभं राहायचं.

2025 च्या यूएस ओपनमध्ये मुख्य स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलेलीला 1,10,000 डॉलर मिळाले आणि पात्रतेच्या पहिल्या फेरीत हरलेलीला 27,500. म्हणजे वाइल्ड कार्डवर येऊन एक मॅच हरली तरी चौपट. आयटीएफच्या सर्वांत खालच्या डब्ल्यू15 स्पर्धेत बक्षिसाची एकूण रक्कमच 15,000 डॉलर असते, विजेतीच्या हातात अडीच हजारही पडत नाहीत. स्लॅममधल्या एका मॅचवर यांचा वर्षभराचा प्रवास, प्रशिक्षक, फिजिओ असं सगळं निघू शकतं.

माझं म्हणणं सरळ आहे. आठही वाइल्ड कार्डं रद्द करा आणि पात्रता फेरीतून 24 जणी घ्या. ब्रिटनच्या एमा रादुकानूने 2021 मध्ये यूएस ओपनला पात्रतेच्या तीन आणि मुख्य स्पर्धेच्या सात अशा दहा मॅच एकही सेट न गमावता जिंकल्या. व्यावसायिक युगात पात्रता फेरीतून येऊन स्लॅम जिंकणारी ती पहिलीच. अजून काय पुरावा हवा?

अभय, ठाणे

रादुकानूचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही, माझ्या बाजूचं आहे. 2021 च्या जूनमध्ये तिची क्रमवारी 338 होती. त्या क्रमवारीवर यूएस ओपनची पात्रता फेरीही मिळाली नसती. विंबल्डनने तिला वाइल्ड कार्ड दिलं, ती चौथ्या फेरीपर्यंत गेली आणि एका झटक्यात 179 वर आली. मग शिकागोच्या छोट्या स्पर्धेत उपविजेती ठरून 150 वर. ते कार्ड नसतं तर त्या सप्टेंबरमध्ये ती कुठल्या तरी आयटीएफ स्पर्धेत खेळत असती आणि आपल्याला तिचं नावही कळलं नसतं.

दुसरं उदाहरण फ्रान्सच्या लोईस ब्वासोंचं. 2024 मध्ये फ्रेंच ओपनचं वाइल्ड कार्ड मिळालं आणि स्पर्धेच्या आठवडाभर आधी गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. नऊ महिने गेले, क्रमवारी घसरली. 2025 मध्ये ती 361 वी होती. पुन्हा कार्ड दिलं, तर तिने तिसरी मानांकित जेसिका पेगुला आणि सहावी मानांकित मिरा आंद्रेयेवा यांना हरवून उपांत्य फेरी गाठली. क्रमवारी मागच्या 52 आठवड्यांचा हिशोब ठेवते. त्यात दुखापत, बाळंतपण, वय यांना जागा नाही. मानवी निर्णयाला थोडी जागा हवीच, आणि वाइल्ड कार्ड म्हणजे तीच जागा. किम क्लायस्टर्स आई झाल्यावर 2009 मध्ये परतली, तेव्हा क्रमवारीत तिचं नावच नव्हतं. वाइल्ड कार्डवर उतरली आणि यूएस ओपन जिंकली.

मृण्मयी

अभय, विंबल्डनच्या कार्डाचा मुद्दा मान्य, तो मी सोडायला नको होता. पण ब्वासोंची पुढची गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. पॅरिसनंतर ती 65 वर आली, पण विंबल्डनच्या प्रवेशयाद्या सहा आठवडे आधीच बंद होतात, म्हणून तिला पात्रता फेरीत जावं लागलं. विंबल्डनने तिला कार्ड दिलं नाही. रोहॅम्प्टनला, जिथे विंबल्डनची पात्रता फेरी होते, पहिल्याच फेरीत कॅनडाच्या कार्सन ब्रॅन्स्टाइनने तिला तीन सेटमध्ये हरवलं. ब्रॅन्स्टाइनने शेवटच्या फेरीत माजी यूएस ओपन विजेती बियांका आंद्रेस्कूलाही हरवलं आणि तिला मुख्य स्पर्धेत पहिल्याच फेरीत क्रमवारीत पहिली असलेली सबालेंका मिळाली. पॅरिसची उपांत्य फेरी गाठणारी मुलगी तीन आठवड्यांत अशा मुलीकडून हरते जिचं नाव आपण तोपर्यंत ऐकलंही नव्हतं. पात्रता फेरीचा दर्जा काय असतो ते यावरून कळतं. तुम्ही म्हणता ती मानवी निर्णयाची जागा प्रत्यक्षात पासपोर्ट बघून भरली जाते, एवढंच मला म्हणायचंय.

संजीवनी, मेलबर्न

मी दर जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनचा पात्रता आठवडा गाठते. मुलांना घेऊन जाते, कारण बाहेरच्या कोर्टवर अगदी कुंपणाला चिकटून बसता येतं. खेळाडूचा श्वास ऐकू येतो. शेवटच्या फेरीत जिंकलेल्या मुली गुडघ्यांवर बसतात, ओरडतात, फोन काढून आईला व्हिडिओ कॉल लावतात. हरलेल्या मुली बॅग उचलतात, पण लगेच घरी जात नाहीत, कारण लकी लूझरच्या यादीत, म्हणजे कुणी ऐन वेळी माघार घेतली तर तिच्या जागी घ्यायच्या हरलेल्यांच्या यादीत, नाव लागलं तर थांबायला हवं.

2025 मध्ये जर्मनीची एव्हा लिस अशीच शेवटच्या फेरीत हरली. मग मुख्य स्पर्धेतल्या अ‍ॅना कालिन्स्कायाने अगदी ऐन वेळी माघार घेतली. लिसला काही मिनिटांत कोर्टवर जावं लागलं. ती तीन मॅच जिंकून चौथ्या फेरीपर्यंत गेली आणि मग श्वियाँतेककडून 0-6, 1-6 अशी हरली. तिला संधिवाताचा आजार आहे आणि तिने ते उघडपणे सांगितलेलं आहे. तो शेवटचा स्कोअर बघून लोक हसले तेव्हा मला फार राग आला. त्या आठवड्यात ती किती मॅच खेळली होती ते कुणी मोजलंच नाही.

तरी मी मृण्मयीच्या बाजूने पूर्ण नाही. इथे वाइल्ड कार्डांवर इथल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली येतात आणि त्यांच्या मॅचला त्यांची सगळी शाळा लोटते. ती गर्दी पुढच्या दहा वर्षांच्या खेळाडू तयार करते. आठ नको, चार ठेवा.

दिलीप, कोल्हापूर

मी तीस वर्षं मुलांना टेनिस शिकवतोय. मृण्मयीताईंचा राग समजतो, पण भारताच्या बाजूने बोलताय तर आपला इतिहासही बघा. सानिया मिर्झा 2005 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनला खेळली ती वाइल्ड कार्डवर. अठरा वर्षांची होती. तिसऱ्या फेरीपर्यंत गेली, सेरेनाकडून हरली. पुढच्याच महिन्यात हैदराबादला डब्ल्यूटीए (महिला टेनिस संघटना) एकेरीचं विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला झाली. माझ्या कोर्टवर त्या उन्हाळ्यात मुलींची संख्या दुप्पट झाली, मला जाळी बांधायला तिसरं कोर्ट घ्यावं लागलं. हे एका कार्डामुळे झालं. तेव्हा ‘कार्डं फक्त चार देशांना’ हे पूर्ण खरं नाही.

उलट अंकिता रैना बघा. मूळची अहमदाबादची, पण तयार झाली पुण्यात, हेमंत बेंद्रे सरांकडे. एकेरीत 160 पर्यंत गेली. कितीतरी स्लॅमच्या पात्रता फेऱ्या खेळली. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची महिलांची पात्रता फेरी कोविडमुळे दुबईत झाली. तिथे ती शेवटच्या फेरीपर्यंत पोचली आणि ओल्गा दानिलोविचकडून तीन सेटमध्ये हरली. लकी लूझर म्हणून मेलबर्नला गेली. एकेरीत जागा निघाली नाही, पण दुहेरीत मुख्य स्पर्धा खेळायला मिळाली आणि त्याच महिन्यात तिने फिलिप आयलंड ट्रॉफीची दुहेरी जिंकली. थांबून राहिल्यामुळे काय मिळू शकतं, हे मी मुलींना याच उदाहरणाने सांगतो.

पण तुमच्या हिशोबाने आठ जागा वाढल्या असत्या, तर त्या दिवशी अंकिता मेलबर्नला थेट मुख्य स्पर्धेत असती का? असू शकली असती. ही शक्यता मलाही झोपू देत नाही. तरीही सानियाचं कार्ड मी परत देणार नाही.

अभय

दिलीपसर, आभार. आणि मृण्मयी, पात्रता फेरी म्हणजे शुद्ध न्याय, असंही नाही. तीन मॅच खेळून थकलेली मुलगी दोन-तीन दिवसांत ताज्यातवान्या मानांकित खेळाडूसमोर उभी राहते. रादुकानूला एकही सेट गमवावा लागला नाही म्हणून ते निभावलं. इतर पंधराजणींना तसं जमत नाही.

मृण्मयी

थकव्याबद्दल नाडिया पोदोरोस्काला विचारा. अर्जेंटिनातल्या रोसारिओची, 131 वी. 2020 च्या फ्रेंच ओपनआधी स्लॅमच्या मुख्य स्पर्धेत एकही मॅच जिंकलेली नव्हती. पात्रतेतून आली आणि लागोपाठ आठ मॅच जिंकल्या. उपांत्यपूर्व फेरीत तिसरी मानांकित स्वितोलिनाला 6-2, 6-4 असं हरवलं. मग श्वियाँतेकने तिला थांबवलं, 2-6, 1-6. श्वियाँतेक ती स्पर्धाच जिंकली, त्यात कुणाचा दोष? तीन मॅच खेळलेली मुलगी थकलेली असते तशीच तिथल्या मातीला, वाऱ्याला, चेंडूंना सरावलेलीही असते. लुलू सननेही 2024 मध्ये पात्रतेतून येऊन विंबल्डनची उपांत्यपूर्व फेरी गाठली. वाटेत आठवी मानांकित झेंग चिनवेनला आणि त्याच रादुकानूला हरवून.

सानियाचं कार्ड मलाही परत द्यायचं नाहीये, दिलीपसर. तुमचं वाचल्यावर दोन दिवस विचार केला. ‘रद्द करा’ हा शब्द मी मागे घेते. कार्ड कोर्टवर मिळवायचं, असा बदल करते. अमेरिका पॅरिस आणि मेलबर्नच्या अदलाबदलीच्या कार्डांसाठी ठरावीक आठवड्यांतल्या स्पर्धांचे गुण मोजते आणि पहिली येईल तिला कार्ड देते. ऑस्ट्रेलियाने आशियासाठी प्लेऑफ स्पर्धा घेतल्या. असं सगळीकडे करा. आणि दोन कार्डं तरी ज्या देशांत स्लॅम होत नाही त्या देशांसाठी राखून ठेवा.

फातिमा, मुंबई

एक वेगळी गोष्ट. 2025 च्या फेब्रुवारीत मी सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) मुंबई ओपन पाहिली, डब्ल्यूटीए 125 दर्जाची, म्हणजे मुख्य डब्ल्यूटीए स्पर्धांच्या एक पायरी खालची. पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून आली आणि उपांत्य फेरीपर्यंत गेली, जिल टाइशमनकडून हरली. पात्रता फेरीच्या दिवशी स्टँडमध्ये आम्ही मोजके लोक होतो. उपांत्यपूर्व फेरीला शाळेचे गणवेश घातलेल्या मुली ओळीने बसलेल्या होत्या आणि तिच्या प्रत्येक फोरहँडला ओरडत होत्या. संजीवनीताई म्हणतात ती शाळेची गर्दी इथे पात्रता फेरीतून आलेल्या मुलीसाठी जमली होती.

माझ्या मते जागा कुणाला द्यायच्या, यापेक्षा मोठा प्रश्न अशा स्पर्धांचा आहे. 125 दर्जाच्या स्पर्धा आपल्याकडे वर्षाला चार झाल्या, तर आपल्या मुलींना गुण कमवायला तुर्कस्तान, ट्युनिशिया फिरावं लागणार नाही. दोनशेच्या आत आल्या की स्लॅमची पात्रता फेरी आपोआप मिळेल.

दिलीप

फातिमाताई, शंभर टक्के. माझी एक विद्यार्थिनी मागच्या वर्षी डब्ल्यू15 खेळायला परदेशात गेली. तिथे तीन आठवडे लागोपाठ तीन स्पर्धा. दोनदा पात्रतेच्या पहिल्या फेरीत हरली, तिसऱ्यांदा मुख्य स्पर्धेत जाऊन एक मॅच जिंकली. वडिलांनी खर्चाची वही दाखवली. विमान, राहणं, रॅकेटच्या तारा, जेवण. बक्षिसाच्या रकमेपुढे त्यांनी पेन्सिलने टिंब काढून ठेवलं होतं, आकडा लिहिला नव्हता. मी विचारलं का, तर म्हणाले, ती बघते ना वही.

संजीवनी

दिलीपसर, ती मुलगी या वर्षी खेळतेय का?

दिलीप

हो. सोमवारी निघतेय. या वेळी आई बरोबर जातेय.